मातीची मुलगी

गेल्या वर्षी नरक चतुर्दशीच्या पहाटे नेरूळच्या आमच्या घरात नातीला पाटावर बसवून मी तिच्या पाठीला उटणे लावीत होते. नात म्हणजे माझ्या भाचीची मुलगी. वय वर्षे नऊ. नवी मुंबईत दिवाळीला थंडी नसतेच, तरी हुडहुडी भरल्याचे सोंग करून ती अंग चोरीत होती. तिला गप्प बसवायला मी माझ्या आजीची जुनी युक्ती केली आणि गोष्ट सांगायला घेतली. पार्वती न्हायला बसली, अंगाला लावलेल्या उटण्याचा मळ तिने काढला, त्याचा एक मुलगा घडवला, त्यात प्राण घातला आणि त्याला दाराशी राखणीला उभा केला. पोरीने मान वळवली आणि विचारले, "म्हणजे वंडर वूमनसारखे?"

मी विचारले, कोण ही बाई?

"तिला पण तिच्या आईने मातीची केली. एकटीने." मग जरा थांबून, पडल्या आवाजात ती म्हणाली, "पण ते खोटे निघाले. सिनेमात शेवटी सांगतात, तिचे बाबा झ्यूस. आई तिच्याशी खोटे बोलली होती."

माझा हात थांबला. माझ्या भाचीने लग्न केलेले नाही. ही मुलगी दीड वर्षाची असताना तिने दत्तक घेतली, आणि हे मुलीला समज आल्यापासून ठाऊक आहे. त्या घरात वडील नाहीत, आणि नाहीत म्हणून आजवर काही अडलेही नाही. अशा मुलीच्या तोंडून "ते खोटे निघाले" हे शब्द ऐकणे मला जड गेले. दिवाळीची पाहुणेमंडळी परतल्यावर मी भाचीच्या कपाटातले चित्रकथांचे जाडजूड संग्रह खाली काढले आणि पुढचे चार महिने तेच वाचले. जन्मभर मी मराठी शिकवले. पाठभेद, प्रक्षेप, क्षेपक असले शब्द फळ्यावर लिहून हात पांढरे केले. ते सारे या पोरवयाच्या वाङ्मयाला लावून पाहावे असे मनात आले. अभ्यासू वाचक नाक मुरडतील. त्यांच्यासाठी या अंकात इतर लेख आहेतच.

या नायिकेचे नाव डायना. ती १९४१ च्या अखेरीस अमेरिकेतल्या 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या आठव्या अंकात पहिल्यांदा आली. लेखक विल्यम मोल्टन मार्स्टन, चित्रकार एच. जी. पीटर. मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ. माणूस खोटे बोलू लागला की त्याचा रक्तदाब बदलतो असे मांडून त्याने खोटे ओळखण्याची एक चाचणी बसवली होती. डायनाच्या कमरेला जो सोनेरी फास असतो, तोही त्याच घरचा. आरंभी त्या फासात सापडलेल्याला हुकूम पाळावा लागे; पुढे त्याला खरे बोलावे लागू लागले.

तिच्या जन्माची कथा १९४२ साली, तिच्या नावाचा स्वतंत्र अंक निघाला तेव्हा सांगितली गेली. ॲमेझॉन म्हणजे ग्रीक पुराणातल्या लढवय्या बायका. हर्क्युलीसने दगा देऊन त्यांना बेड्या घातल्या. त्यांतून सुटून त्या एका बेटावर जाऊन राहिल्या. मनगटातली कंकणे ही त्या बेड्यांची आठवण. त्यांची राणी हिपॉलिटा हिला मूल हवे होते. अथीना देवीने तिला मातीची मूर्ती घडवायला शिकवले, ॲफ्रोडाइटी देवीने त्या मूर्तीत प्राण घातला, आणि मूल आईच्या कडेवर आले. पुढे एक वैमानिक त्या बेटावर कोसळतो, डायना स्पर्धा जिंकते आणि त्याला घेऊन माणसांच्या जगात येते. हा सारा पुढचा पसारा. मला मोल वाटते ते मातीचे.

ग्रीकांच्याच पुराणात पिग्मॅलियन नावाचा मूर्तिकार आहे. जिवंत बायका पसंत पडेनात म्हणून त्याने हस्तिदंताची एक स्त्री घडवली, तिच्यावरच त्याचे मन जडले, आणि देवीने ती मूर्ती सजीव करून त्याच्या पदरात घातली. मार्स्टनच्या कथेत देवी तीच आहे, मूर्तीचा चमत्कारही तोच आहे. त्याने एवढेच केले की मूर्तिकाराच्या पाटावरून पुरुषाला उठवून तिथे आईला बसवले. त्याबरोबर सारी कथा उलटी झाली. पुरुषाने स्वतःसाठी घडवलेली बाहुली ती आता राहिली नाही. कुणीतरी मागून घेतलेले मूल झाली.

मार्स्टनचे घर मात्र या कथेइतके सरळ नव्हते. पत्नी एलिझाबेथ आणि ऑलिव्ह बर्न या दोघी त्याच्याबरोबर एकाच घरात राहत, आणि दोघींना त्याच्यापासून दोन दोन मुले झाली. ऑलिव्हच्या हातात नेहमी रुंद कंकणे असत. डायनाची कंकणे तीच. ऑलिव्हच्या मुलांना मात्र त्यांचे वडील वारले असे सांगितले गेले. तो कल्पित नवरा ऑलिव्हने नावासकट रचला होता, आणि मार्स्टनने आपल्याच त्या मुलांना रीतसर दत्तक घेतले. खोटे पकडण्याची विद्या काढणाऱ्याच्या घरात वडिलांच्या नावाचे एवढे मोठे खोटे नांदत होते! बाप नसलेल्या मुलीची गोष्ट याच घरात लिहिली गेली, हे कळल्यावर ती मला आणखीच खरी वाटू लागली. बापाचे नाव मुलांच्या डोक्यावर किती ओझ्याचे असते, हे त्या घराला ठाऊक होते.

ही ऑलिव्ह संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची भाची. सँगरबाई १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला गांधीजींना भेटल्या होत्या. दोघांचे एकमत झाले नाही. आपल्याकडे र. धों. कर्व्यांचे 'समाजस्वास्थ्य' तेव्हा आठ वर्षे चालू होते. जगातल्या कुठल्याही गोष्टीचा धागा महाराष्ट्रात आणून बांधायची आपली खोड मला माहीत आहे, पण हा धागा मी ओढूनताणून आणलेला नाही. आणि एक नाव इथेच नोंदवते. १९४४ पासून १९४७ पर्यंत डायनाच्या पुष्कळ गोष्टी जॉय हमेल या तरुणीने लिहिल्या. ती मार्स्टनची विद्यार्थिनी. तिचे नाव त्या वेळी अंकावर कधी छापले गेले नाही.

१९४७ साली मार्स्टन वारला. (त्याच्यामागे त्या दोघी एकत्रच राहिल्या.) त्याच्या हयातीतच दुसऱ्या एका लेखकाने वीरांच्या मंडळात डायनाला घेतले होते, तेही चिटणीस म्हणून. बाकीचे जगाच्या रक्षणाला निघत आणि ही इतिवृत्त लिहीत बसे. त्याच्यानंतर रॉबर्ट कॅनिगर या लेखकाकडे ती वीस वर्षे राहिली. १९५९ च्या एका अंकात त्याने बेटावरच्या बायकांचे पुरुष लढायांत मारले गेले असे लिहिले, आणि डायनाच्या पाळण्याशी चार देव आणून त्यांच्याकडून तिला रूप, शहाणपण, बळ आणि वेग देववले. बारशाला आलेल्या पाहुण्यांनी अंगडे-टोपडे द्यावे तसे. पूर्वी हे सारे तिने बेटावर मेहनतीने कमावलेले होते. कमावलेले काढून घेऊन आंदण द्यायचे, ही युक्ती आपल्याकडच्या कथाकारांनाही अनोळखी नाही. १९६८ साली तर तिची शक्तीच काढून घेतली, तिला कपड्यांचे दुकान घालून दिले आणि एका आंधळ्या वृद्ध गुरूच्या हाताखाली कराटे शिकायला लावले. बायका रस्त्यावर उतरून हक्क मागत होत्या, त्या वर्षांत ही दुकानात उभी! १९७२ साली 'मिस' मासिकाच्या जुलैच्या अंकावर ग्लोरिया स्टायनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या वेषातली भव्य डायना छापली, आणि पुढच्या वर्षी तिला तिची शक्ती परत मिळाली. या स्टायनमबाई तरुणपणी हिंदुस्थानात राहून विनोबांच्या भूदान कार्यकर्त्यांबरोबर दक्षिणेत पायी हिंडल्या होत्या. पुन्हा वर्धा! असो.

या सगळ्या काळात आम्ही इकडे काय वाचत होतो? मी गिरगावातल्या चाळीत वाढले. १९६४ साली मुंबईत टाइम्सच्या मंडळींनी 'इंद्रजाल कॉमिक्स' काढले. त्याच्या मराठी अंकांसाठी आम्हा भावंडांत मारामारी होई, कारण त्यात वेताळ असे. डायना हे नावही मी तिथेच पहिल्यांदा वाचले. पण ती डायना पामर, वेताळाची वाग्दत्त वधू. शिकलेली, धीट, पुढे राष्ट्रसंघात नोकरी करणारी बाई. तरी गोष्टीत तिचे काम बहुधा सापडण्याचे आणि सुटण्याचे. १९७६ साली आबिद सुरतींचा बहादूर आला, त्याची जोडीदार बेला हातापायांनी लढे. तीही जोडीदारच.

आता मागे वळून पाहताना वेताळाविषयी एक गोष्ट ध्यानात येते. तो एकविसावा. वीस पिढ्या बापाकडून मुलाकडे मुखवटा आला, शपथ आली, कवटीची गुहा आली, आणि प्रत्येक पिढीची बखर गुहेत नीट मांडून ठेवलेली आहे. १५३६ पासूनची ही वंशावळ. तिच्यात काही बदलण्याची गरज कुठल्या लेखकाला फारशी भासली नाही. त्या वीस जणांच्या आया कोण होत्या, हे आम्ही कधी विचारले नाही. बापाची ओळ सरळ असली की कथा स्थिर राहते. डायनाला बाप नव्हता, म्हणून जो लेखक येई तो तिच्या जन्मात हात घाली. तिच्या ऐंशी वर्षांच्या इतिहासाची ही मला सापडलेली किल्ली आहे. एका किल्लीने सगळीच कुलुपे उघडत नाहीत, हेही कबूल करते.

हात घालणाऱ्यांत सगळेच वाईट नव्हते. १९८५-८६ साली प्रकाशकांनी आपल्या सगळ्या नायकांची गुंतागुंतीची पूर्वकथा पुसून नवी मांडायचे ठरवले. त्या प्रलयकथेच्या शेवटच्या अंकात डायना बालपणाकडे मागे मागे जात पुन्हा मातीच होते आणि बेटाच्या मातीत मिसळते. मग १९८७ च्या आरंभी जॉर्ज पेरेझ या चित्रकाराने, सोबत्यांच्या मदतीने, तिला त्याच मातीतून पुन्हा उभे केले. मला विचाराल तर या साऱ्या ढिगात वाङ्मय म्हणावे असे हेच. पेरेझच्या कथेत ॲमेझॉन म्हणजे युगानुयुगे पुरुषांच्या हातून मारल्या गेलेल्या बायकांचे आत्मे. पृथ्वीमातेच्या उदरात ते जपून ठेवलेले असतात, आणि देवी त्यांना नवे देह देतात. पण एक आत्मा मागे उरतो. राणी हिपॉलिटा तिच्या पूर्वजन्मात, आदिमानवाच्या काळात, नवऱ्याच्या हातून मारली गेली तेव्हा गरोदर होती. तो उरलेला आत्मा त्या न जन्मलेल्या मुलीचा. नव्या जन्मातली राणी कारण न कळता हुरहुरत राहते. शेवटी समुद्रकाठी बसून ती ओल्या मातीचे मूल घडवते, आणि तो थांबलेला जीव त्या मातीत उतरतो.

इथे मातीला अर्थ आला. मार्स्टनकडे ती चमत्काराचे साधन होती. पेरेझकडे ती आईची वाट पाहणे झाली. हे मूल आईच्या पोटचे नाही, आणि आहेही. मी हा भाग वाचला तेव्हा भाची स्वयंपाकघरात डबे भरत होती. बालसंगोपन केंद्रातून मुलीला आणले त्या दिवशी रिक्षात तिने मला म्हटले होते, "मावशी, ही माझीच होती, फक्त उशिरा सापडली." हे वाक्य मला तेव्हा जरा नाटकी वाटले होते.

डायनाच्या धाकट्या सखीची, डोना ट्रॉयची गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, कारण ती चुकीतून जन्मली. कॅनिगर डायनाच्या बालपणाच्या गोष्टी 'वंडर गर्ल' नावाने सांगे. १९६५ साली दुसऱ्या लेखकाने ती निराळी मुलगी समजून तरुण वीरांच्या टोळीत घातली. मग ही कोण, कुणाची, हा प्रश्न उभा राहिला. १९६९ साली मार्व्ह वुल्फमनने तिला आगीतून वाचवलेली अनाथ ठरवले. १९८४ च्या आरंभी त्याने आणि पेरेझने मिळून ती आपला शोध घेते ही कथा लिहिली. तिच्यात मारामारी जवळजवळ नाही. जन्मदात्री मरताना मूल सोपवते, दत्तक घेणारी आई नवरा गेल्यावर पैशाअभावी ते सांभाळू शकत नाही, आणि पुष्कळ वर्षांनी मुलगी त्या दुसऱ्या आईच्या दारात उभी राहते. एवढेच. एवढे पुरते. दुर्दैवाने पुढच्यांना ते पुरले नाही. त्यांनी डोनाची जन्मकथा इतक्या वेळा बदलली की बिचारीचा इतिहास सांगायला घेणारा वाचक वाटेतच बसतो. २०१५ साली तर डायनाचा काटा काढण्यासाठी चेटकिणीने मातीतून घडवलेली, असेही तिच्याविषयी लिहिले गेले.

आता २०११ कडे येते, कारण नातीचे "खोटे निघाले" तिथले आहे. प्रकाशकांनी पुन्हा पाटी पुसली आणि सगळ्या मालिका पहिल्या अंकापासून सुरू केल्या. (पहिला अंक अधिक खपतो, हे त्यामागचे साधे गणित. आणि पात्र लेखकाच्या मालकीचे नसते, म्हणून असे पुसणे चालते.) डायना ब्रायन अझरेलो या लेखकाकडे गेली, चित्रे क्लिफ चँगची. अझरेलोच्या हाती कसब आहे हे मान्य केले पाहिजे. त्याचे देव भेसूर आहेत, संवाद धारदार आहेत, आणि मी रात्री दोन वाजेपर्यंत वाचत राहिले. पण त्याने केले काय? बेटावरच्या मुली डायनाला "माती" म्हणून चिडवतात. मग तिसऱ्या अंकात कळते की मातीची गोष्ट आईने रचलेली. डायना ही हिपॉलिटा आणि झ्यूस यांची मुलगी, आणि झ्यूसच्या पत्नीच्या रागापासून तिला वाचवायला ही थाप. पुढे तर ॲमेझॉन खलाशांना भुलवून मुले मिळवतात, खलाशांना मारतात आणि मुलगे झाले तर शस्त्रांच्या मोबदल्यात देऊन टाकतात, असेही येते.

एका फटक्यात तीन गोष्टी झाल्या. आई खोटारडी ठरली. तिच्या सख्या खुनी ठरल्या. आणि मुलीचा पराक्रम बापाच्या रक्ताचा ठरला. तिसरी गोष्ट मला सर्वांत खुपते. २०१७ साली पॅटी जेन्किन्सबाईंनी काढलेल्या सिनेमात मातीची गोष्ट आईच्या तोंडी ठेवली आहे, आणि इतक्या मायेने की पाहणाऱ्याचे डोळे पाणावावेत. पण शेवटी शत्रूच्या तोंडून झ्यूसचे पितृत्व बाहेर येतेच. दिग्दर्शिका बाई असूनही.

आपल्याला यात नवल वाटू नये. सीता जनकाला नांगराच्या तासात सापडली. ती भूमीची मुलगी. शेवटी ती भूमीच्याच पोटात परत जाते, इतकी ती कथा आतून बांधलेली आहे. तरी पुढच्या सांगणाऱ्यांना राहवले नाही. जैन परंपरेतल्या 'वसुदेवहिंडी'त ती रावण-मंदोदरीची टाकलेली मुलगी होते. 'अद्भुत रामायणा'तही मंदोदरी तिची जन्मदात्री आहे. मातीतून आलेली मुलगी माणसाला नुसती चालत नाही; तिला कुणीतरी बलाढ्य घराणे जोडावे लागते. अझरेलोने झ्यूस आणला, जुन्या कथाकारांनी रावण आणला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पुराणकथा बदलतच राहतात. मग अमेरिकनांनी आपल्या पुराणात बदल केले तर तुमचे काय जाते? ज्या गणपतीची गोष्ट मी नातीला सांगितली, तिचेही पाठ किती! शिवपुराणात तो पार्वतीच्या मळाचा. मत्स्यपुराणात उटण्याची आकृती गंगेत टाकल्यावर वाढते. वराहपुराणात तो एकट्या शंकराच्या हास्यातून होतो, पार्वतीचा त्यात हात नाही. ब्रह्मवैवर्तात शनीच्या दृष्टीने त्याचे डोके जाते. बापाविना आणि आईविना, दोन्ही तऱ्हा आपल्याकडे आहेत.

आहेत, हेच माझे उत्तर. त्या सगळ्या एकाच वेळी आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला १९१९ साली घेतली. सुकथनकरांसारख्यांनी आयुष्य घातले, आणि काम १९६६ साली पुरे झाले. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतो आहे, हा आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरांचा लाडका प्रसंग त्या पंडितांनी मूळ संहितेतून काढला. पण फेकला नाही, परिशिष्टात छापला. पानाखाली पाठभेद, मागे परिशिष्टे. ज्याला हवे त्याने तिथे जावे. एखादा पाठ उत्तरकालीन आहे असे ते म्हणतात. व्यास खोटे बोलले असे म्हणत नाहीत. अमेरिकन चित्रकथेत नवा लेखक जुन्या पाठाला तळटीप देत नाही. तो जुना पाठ एखाद्या पात्राच्या तोंडची थाप ठरवतो, आणि ते पात्र बहुतेक वेळा आई असते. पुसण्याच्या या पद्धतीबद्दल माझी तक्रार आहे.

२०१६ साली हा गोंधळ खुद्द डायनाच्याही लक्षात आला! (त्याच वर्षी राष्ट्रसंघाने तिला स्त्रिया आणि मुलींसाठी मानद दूत नेमले आणि तोकड्या कपड्यांवरून ओरड होताच दोन महिन्यांत निरोप दिला; त्यात वेळ घालवण्याजोगे काही नाही.) ग्रेग रुका या लेखकाच्या कथेत ती आपला सत्याचा फास स्वतःभोवती गुंडाळते आणि स्वतःलाच विचारते, उत्तर येते की तुझी फसवणूक झाली आहे. सारे जन्मवृत्तांत एकमेकांवर आदळतात. हे एक पान मला फार आवडले. छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम आठवला. त्याने आईला गोत्र विचारले. ती म्हणाली, मला माहीत नाही, मी जबाला आहे, तू जाबाल सांग. गुरूने ते ऐकून त्याला शिष्य केले, कारण तो खरे बोलला होता. तिथे गुरूकडे सोन्याचा फास नव्हता, आणि आईला खोटे पाडण्याची गरज पडली नाही.

२०२१-२२ साली केली सू डिकॉनिक या लेखिकेने ॲमेझॉनांचा इतिहास तीन भागांत पुन्हा लिहिला. त्यात देवी न झालेली, सामान्य बाई असलेली हिपॉलिटा एका नको असलेल्या तान्ह्या मुलीला नदीकाठी सोडून येते, आणि मग पश्चात्तापाने परत धावते. चित्रे इतकी दाट आहेत की डोळे दुखतात, पण हे प्रकरण मराठी वाचकाला परके वाटणार नाही. सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या मुली होत्या. २०११ च्या ऑक्टोबरात जिल्हा परिषदेने २८५ मुलींना समारंभाने नवी नावे दिली. पुढच्याच महिन्यात तिकडे तो झ्यूसचा अंक निघाला.

उन्हाळ्याच्या सुटीत मी नातीला १९४२ ची गोष्ट वाचून दाखवली, मग १९८७ ची. २०११ चीही, कारण लपवणे मला पटेना. तिने शेवटी विचारले, "मग खरी कोणती?" मी पाठभेदांचे काहीतरी सांगू लागले. भाची इस्त्री करीत होती. तिने वर न पाहता म्हटले, "तिच्या गोष्टी छापणारे बदलतात. तुझी गोष्ट मी तुला सांगितली तीच आहे. ती कुणी बदलू शकत नाही." पोर तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग आंबा मागितला.

जून महिन्यात एका शाळेचा अर्ज भरायचा होता. त्यात मधल्या नावाच्या रकान्याशी 'वडिलांचे नाव' असे छापलेले. आपल्या महाराष्ट्रात मधले नाव बापाचे, हे इतके मुरलेले आहे की छापणाऱ्याने विचारही केला नसेल. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ च्या मार्चमध्ये ठरवले की सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचे नाव यावे. पण ते १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांना. आमची नात त्या तारखेच्या फार आधीची. खिडकीतल्या बाईंनी रकाना रिकामा ठेवता येणार नाही असे सांगितले. भाचीने तिथे स्वतःचे नाव लिहिले, दत्तकाचा कागद जोडला, आणि तीन खेपांनंतर अर्ज घेतला गेला.

यंदा गणपतीच्या आधी आमच्या सोसायटीत मुलांना शाडूच्या मूर्ती करायला शिकवले. माती पेणहून आणली होती. नातीचा गणपती सोंडेच्या बाजूला जरा कलला, पण बसला. उरलेल्या मातीची तिने वीतभर उंचीची एक बाई केली. मनगटांना दोन वळी आणि कमरेला सुतळीचा तुकडा. विसर्जनाला महापालिकेच्या कृत्रिम तलावावर गणपती गेला, बाई घरी राहिली. ती आता खिडकीत तुळशीच्या कुंडीशेजारी उभी आहे. उन्हात वाळवल्यामुळे तिचा एक हात तडकून पडला होता. तो नातीने ओल्या मातीने परत बसवला आहे, फक्त कंकण उलटे लागले आहे.